नियम उतरला, सूर सुटला

१६७२ साली इंग्रज कवी-नाटककार जॉन ड्रायडननं एका मेलेल्या माणसाशी भांडण काढलं. माणूस साधा नव्हता. शेक्सपिअरचा समकालीन आणि त्याच्या तोडीचा म्हणून मिरवलेला नाटककार बेन जॉन्सन, १६३७ मध्ये वारलेला. त्याच्या नाटकातल्या ओळी पुढे ठेवून ड्रायडननं त्यांतले दोष मोजले. त्यातला एक असा, की जॉन्सन वाक्याच्या शेवटी शब्दयोगी अव्यय लोंबकळत ठेवतो. 'व्हॉट आर यू लुकिंग अ‍ॅट?' यातला शेवटचा 'अ‍ॅट' असतो, तसला प्रकार. हा दोष आपल्याही लिखाणात असल्याचं अलीकडेच ध्यानात आलं, अशी कबुलीही त्यानं देऊन टाकली. पुढे १६८४ मध्ये स्वतःचा १६६८ चा नाट्यविषयक निबंध पुन्हा छापताना त्यानं अशी अव्ययं शेवटून उचलली आणि वाक्यात आत नेऊन बसवली.

हा दोष का, ते मात्र त्यानं सांगितलं नाही. पण १६७९ च्या एका अर्पणपत्रिकेत त्यानं आपली एक सवय लिहून ठेवली आहे. आपलं इंग्रजी शुद्ध आहे की नाही अशी शंका आली, की तो ते वाक्य लॅटिनमध्ये उतरवून पाही. लॅटिनमध्ये असं अव्यय शेवटी एकटं राहूच शकत नाही. मग जे लॅटिनमध्ये होत नाही ते इंग्रजीत तरी का चालवून घ्यायचं?

यात ड्रायडन एकटा नव्हता. इंग्रजीचं पहिलं छापील व्याकरण विल्यम बुलोकरनं १५८६ मध्ये काढलं, ते शाळेतल्या लॅटिन व्याकरणाच्या साच्यावर. १६५३ मध्ये जॉन वॉलिस या गणितज्ञानं (अनंताचं आडव्या आठासारखं चिन्ह रूढ करणारा हाच) तक्रार केली, की आधीच्यांनी इंग्रजीला ओढूनताणून लॅटिनमध्ये बसवलंय. तक्रार रास्त होती. फक्त ती ज्या व्याकरणात केली, ते इंग्रजीचं व्याकरण त्यानं लिहिलं होतं लॅटिनमध्ये. 'आय शॅल' म्हणजे साधं भविष्य आणि 'आय विल' म्हणजे निर्धार, दुसऱ्या-तिसऱ्या पुरुषात नेमकं उलट, हा नियम त्याच पुस्तकातला. आपल्याकडच्या कित्येक पिढ्यांनी तो घोकला आणि बोलताना कधी वापरला नाही.

सतराव्या शतकाच्या उत्तरार्धात इंग्रजांना आपल्या भाषेची लाज वाटू लागली होती. फ्रेंचांची अकादमी होती, इटालियनांची होती, आपलं काय? १६६४ मध्ये रॉयल सोसायटीनं भाषा सुधारण्यासाठी एक समिती नेमली. तिच्यात ड्रायडन होता. समितीच्या हातून काही झालं नाही. १६९७ मध्ये डॅनियल डीफोनं अकादमीची योजना मांडली. १७१२ मध्ये जोनाथन स्विफ्टनं कोशाध्यक्ष हार्लीला जाहीर पत्र लिहून तीच मागणी पुन्हा केली: भाषा सुधारा, शुद्ध करा आणि एकदाची कायम करून टाका. १७१४ मध्ये हार्लीचं पद गेलं, पाठोपाठ राणी अ‍ॅन वारली आणि विषय मिटला.

आता ही दोन नावं पुन्हा पाहा. 'रॉबिन्सन क्रूसो'वाला डीफो आणि 'गलिव्हर'वाला स्विफ्ट. शब्दाचा अर्थ एकदाचा खिळ्यानं ठोकून टाका म्हणणारे हे दोघे, आणि शब्दाचा अर्थ शब्दाबाहेर नेऊन ठेवण्यात त्या काळच्या इंग्लंडमध्ये यांच्याइतका हात कुणाचाच बसला नव्हता.

डीफोनं १७०२ च्या डिसेंबरात एक निनावी पत्रक काढलं. राजमान्य चर्चच्या बाहेर राहणाऱ्या ख्रिस्ती पंथीयांना देशातून समूळ उपटा, असा आवेश त्यात होता. कडव्या चर्चवाल्यांच्या तोंडचीच भाषा त्यानं उचलली आणि ती जिथवर जाऊ शकते तिथवर नेली. स्वतः डीफो त्या बाहेरच्या पंथीयांपैकीच. कडव्यांपैकी काहींना पत्रक खरं वाटलं, आवडलंही. लेखक कोण ते कळल्यावर त्याच मंडळींचा संताप झाला. १७०३ च्या जुलैत डीफोला तीन दिवस लंडनच्या चव्हाट्यावर लाकडी चौकटीत मान आणि हात अडकवून उभं केलं गेलं. स्विफ्टचा 'नम्र प्रस्ताव' १७२९ चा. आयर्लंडमधल्या गरिबांनी वर्षाची मुलं श्रीमंतांच्या जेवणाला विकावीत, म्हणजे दारिद्र्य आटोक्यात येईल, असं एक हिशेबी गृहस्थ आकडेमोडीसह समजावून सांगतो. व्याकरणाच्या दृष्टीनं त्यात बोट ठेवायला जागा नाही. प्रत्येक वाक्य नीट, सभ्य, दरखास्तीच्या भाषेतलं. भयंकर आहे ते त्या सभ्यपणामुळेच.

असलं लिखाण ओळखायचं कसं, हा प्रश्न फार जुना. ग्रीक सुखान्तिकेत दोन ठरीव पात्रं असत. एक बढाईखोर आणि दुसरा त्याच्यापुढे मुद्दाम बावळट होऊन त्याचा फुगा फोडणारा. या दुसऱ्याचं सोंग सॉक्रेटिसनं भर बाजारात आणलं: मला काही कळत नाही, तुम्हीच सांगा. आयरनीचं, म्हणजे बोलायचं एक आणि सुचवायचं दुसरं या रीतीचं, मूळ या सोंग घेणाऱ्या माणसात आहे, अलंकारात ती नंतर शिरली. रोमन वक्तृत्वशिक्षक क्विंटिलियननं पहिल्या शतकात तिच्या तीन खुणा दिल्या. बोलणाऱ्याचा स्वर, बोलणारा माणूस आणि बोलण्याचा विषय. यातलं एक जरी शब्दांशी जुळलं नाही, की समजावं बोलणाऱ्याला काही वेगळंच म्हणायचं आहे. दोन हजार वर्षं होत आली, याहून उपयोगी कसोटी मला तरी कुठे भेटलेली नाही.

छापलेल्या कागदावर स्वर नसतो, ही अडचण खरी. १६६८ मध्ये जॉन विल्किन्सनं त्यावर तोडगा काढला: आयरनी असेल तिथे उलटं उद्गारचिन्ह घाला. कुणी घातलं नाही. खूण करून दाखवलेला टोमणा म्हणजे आधी सांगून केलेली थट्टा. तिच्यात राहतं काय? विल्किन्स त्याच साली चेस्टरचा बिशप झाला. या सगळ्या हकिकतीत धर्मगुरू इतके का, असं वाचकाला वाटेल. स्विफ्ट डब्लिनच्या चर्चचा डीन होता आणि पुढे आणखी तिघे यायचे आहेत. लॅटिन येणारा, निवांत वेळ असलेला आणि लोकांना चुका दाखवण्याची सवय झालेला वर्ग तोच होता, एवढंच माझं उत्तर.

१७५५ मध्ये सॅम्युएल जॉन्सनचा कोश आला. प्रस्तावनेत त्यानं भाषा कायम करण्याच्या स्वप्नाची थट्टा केली. अकादम्या उभारून शब्द थांबत नसतात. आयरनीची व्याख्या त्यानं एका ओळीत उरकली: शब्दांच्या विरुद्ध अर्थ सांगणारी बोलण्याची रीत. उदाहरण दिलं ते बोलिंगब्रोक हा मोठा पुण्यात्मा होता, असं. बोलिंगब्रोकच्या धर्मविरोधी लिखाणाबद्दल जॉन्सनला किती तिटकारा होता, हे तेव्हाच्या वाचकाला ठाऊक होतं. ज्याला ते ठाऊक नाही, त्याला त्या उदाहरणात आयरनी दिसणारच नाही. व्याख्या पाठ करून ती सापडत नाही, हे जॉन्सननं व्याख्येखालीच दाखवून ठेवलं.

मग १७६२. रॉबर्ट लोथ हा हिब्रू काव्याचा मोठा अभ्यासक, पुढे लंडनचा बिशप झालेला. आपल्या लहान मुलाला शिकवायला म्हणून त्यानं इंग्रजीचं एक छोटं व्याकरण लिहायला घेतलं. पहिल्या आवृत्तीवर नावही घातलं नाही. त्याची खरी गंमत तळटीपांत आहे. तिथे लोथनं शेक्सपिअर, मिल्टन, पोप, अ‍ॅडिसन यांच्या चुका पकडल्या आहेत. त्यात स्विफ्टही सापडतो. भाषा कायमची शुद्ध करा म्हणणारा पन्नास वर्षांनी स्वतःच चुकांच्या यादीत येऊन बसला. दैवदुर्विलासाचं उदाहरण शोधायला याहून लांब जायला नको.

शेवटी येणाऱ्या अव्ययाबद्दल लोथ फार मवाळ आहे. ही रचना बोलण्यात सर्रास चालते, घरगुती शैलीच्या लिखाणातही शोभते. गंभीर लेखनात मात्र अव्यय आत घेतलेलं अधिक डौलदार दिसतं, इतकंच त्याचं म्हणणं. आपल्या भाषेचा अशा रचनेकडे ओढा आहे, हे सांगताना लोथनं जे वाक्य लिहिलं, ते संपतं 'टू' या अव्ययावर.

हे मुद्दाम की चुकून? अभ्यासकांत यावर एकमत नाही. मी क्विंटिलियनच्या खुणा लावून पाहतो. माणूस कोण? मिल्टनच्या चुका बारीक चष्म्यानं शोधणारा. विषय काय? नेमकी हीच रचना, याच वाक्यात. अशा माणसाच्या हातून अशा जागी 'टू' नकळत शेवटी जाईल, हे मला पटत नाही. लोथ हसत होता.

त्याच सुमारास, १७६१ मध्ये, जोसेफ प्रीस्टलीनं, पुढे १७७४ साली ऑक्सिजन वेगळा काढणाऱ्या त्या शास्त्रज्ञानं, दुसरं व्याकरण लिहिलं होतं. लोक जसं बोलतात-लिहितात तेच प्रमाण, अशी त्याची भूमिका. आज भाषाशास्त्रज्ञ हेच म्हणतात. पण शाळांना नियम हवे होते, आणि ते लोथकडून घेणं सोपं होतं.

ते घेतले लिंडली मरेनं. हा मूळचा अमेरिकन. न्यूयॉर्कात वकिली करून पैसा कमावला आणि १७८४ मध्ये इंग्लंडला येऊन यॉर्कजवळ राहिला. तिथल्या क्वेकर मुलींच्या शाळेसाठी त्यानं १७९५ मध्ये व्याकरण रचलं. त्यात लोथचे परिच्छेदच्या परिच्छेद आहेत. पुस्तक अफाट खपलं. अटलांटिकच्या दोन्ही काठांवर 'मरे' म्हणजेच व्याकरण झालं. अव्ययाचा तो परिच्छेदही मरेनं जवळजवळ जसाच्या तसा उतरवला. फक्त शेवटचा 'टू' उचलून त्याच वाक्यातल्या 'विच'च्या आधी नेऊन ठेवला. लोथचं वाक्य त्यानं दुरुस्त केलं!

माझ्या मते या नियमाचा खरा जन्म तिथे आहे. लोथकडे एक आवड होती, तिच्याभोवती सवलती होत्या, वर एक मिश्कील हसू होतं. मरेच्या हाती हसू गळालं. मरेवरून बेतलेल्या शाळापुस्तकांत सवलतीही गळाल्या, आणि उरलं 'वाक्य अव्ययानं संपवू नये.' दोन नकार मिळून होकार होतो, हा नियमही लोथच्या पुस्तकातून याच वाटेनं शाळेत गेला. चॉसर आणि शेक्सपिअर दोन नकार घालून नकारच पक्का करत असत, याची आठवण वर्गात कुणी काढली नाही.

एका नियमाचा प्रवास मात्र वर्गाबाहेर गेला आणि तिथे हसण्यासारखं काही उरलं नाही. माणूस कोणता ते ठरलेलं नसेल, तेव्हा सर्वनाम 'ही' वापरा, त्यात स्त्रिया आल्याच. असा नियम न्यूकॅसलच्या अ‍ॅन फिशर या शिक्षिकेच्या १७४५ च्या व्याकरणात आहे. त्याआधी आणि नंतरही इंग्रज लोक अशा जागी 'दे' वापरत; जेन ऑस्टेननंही वापरलं. १८५० मध्ये ब्रिटिश संसदेनं 'ही'ची सोय कायद्यात घातली. भारतात १८९७ च्या जनरल क्लॉजेस अ‍ॅक्टचं तेरावं कलम तेच सांगतं: पुल्लिंगी शब्दांत स्त्रियाही धराव्यात. सोबत अट अशी, की विषयाला किंवा संदर्भाला बाध येता कामा नये.

बाध केव्हा येतो? १९१६ मध्ये रेजिना गुहा कायद्याची पदवी घेऊन वकिलीची सनद मागायला गेल्या. वकिलांच्या कायद्यात सगळीकडे 'ही'. कलकत्ता उच्च न्यायालयानं ठरवलं, की या 'ही'मध्ये स्त्री येत नाही. पाटण्याच्या न्यायालयानं १९२१ मध्ये सुधांशुबाला हाजरा यांना तेच ऐकवलं. इंग्लंडमध्येही १९१३ मध्ये असाच निकाल झाला होता. शिक्षा सांगणाऱ्या कलमांतल्या 'ही'मध्ये बाई बिनतक्रार मावत होती. सनद मागायला आली, की संदर्भ आडवा येई. नाशिकला जन्मलेल्या, पुण्याच्या डेक्कन कॉलेजात शिकलेल्या कॉर्नेलिया सोराबजींनी ऑक्सफर्डची कायद्याची परीक्षा १८९२ मध्येच दिली होती. अलाहाबादच्या न्यायालयानं त्यांना सनद दिली १९२१ मध्ये. देशभरचा अडसर दूर करायला १९२३ मध्ये स्त्रियांसाठी वेगळा कायदाच करावा लागला. 'ही'मध्ये सगळे येतात म्हणणाऱ्यांनी या तारखा पाठ कराव्यात.

'टू' आणि क्रियापद यांच्या मध्ये काही घालू नये, हा नियम तर अगदी अलीकडचा. तो गाजवला कँटरबरीचे डीन हेन्री अल्फर्ड यांनी, १८६४ च्या 'द क्वीन्स इंग्लिश' या पुस्तकात. जॉर्ज वॉशिंग्टन मून या गृहस्थानं लगेच 'द डीन्स इंग्लिश' काढून डीनसाहेबांच्याच पुस्तकातल्या चुका वेचून दाखवल्या. हा खेळ पुढे चालूच राहिला. त्यात फार अडकण्यासारखं नाही.

आयरनीच्या बाजूनं मात्र त्या शतकात एक मोठी भर पडली. १८३३ मध्ये कॉनॉप थर्लवॉल यांनी (हेही पुढे बिशप) सोफोक्लिसच्या नाटकांवर निबंध लिहिला आणि रंगमंचावरची वेगळीच आयरनी दाखवली. ईडिपस राजा आपल्या बापाच्या खुन्याला शाप देतो. तो खुनी आपणच आहोत, हे त्याला ठाऊक नाही. आधीपासून कथा माहीत असलेल्या प्रेक्षकाला ठाऊक आहे. इथे बोलणाऱ्यानं एक अक्षरही खोटं किंवा उलटं उच्चारलेलं नाही. जॉन्सनची व्याख्या इथे तोकडी पडते.

या दोन्ही वाटा १९२६ मध्ये हेन्री फाउलरच्या 'मॉडर्न इंग्लिश यूसेज' या कोशात एकत्र आल्या. शेवटच्या अव्ययाची बंदी ही लाडकी अंधश्रद्धा आहे, असं त्यानं बजावलं. आयरनीच्या नोंदीत त्यानं जे म्हटलं, ते मला त्या ग्रंथातलं सर्वांत मोलाचं वाटतं: तिला दोन श्रोते लागतात. एक ऐकतो पण समजत नाही. दुसऱ्याला त्याहून जास्त समजतं, आणि पहिल्याला समजलं नाही हेही समजतं. सॉक्रेटिसची आयरनी, नाटकातली, दैवाची. तिन्ही त्यानं या एका कसोटीवर लावून दाखवल्या.

महाराष्ट्रात इंग्रजी व्याकरणाचा साचा मराठीलाही लागला. दादोबा पांडुरंगांचं मराठी व्याकरण १८३६ चं. संस्कृतासोबत इंग्रजी व्याकरणाची घडी त्यात स्पष्ट दिसते. मेजर कँडीनं १८५० मध्ये 'विरामचिन्हांची परिभाषा' देऊन मराठी गद्याला स्वल्पविरामापासून उद्गारचिन्हापर्यंत सारं काही दिलं. टोमण्याला चिन्ह इंग्रजीतच नव्हतं, तर आपल्याला कुठून मिळणार? आपलं अडलंही नाही. व्याजस्तुती संस्कृत अलंकारशास्त्रातून आलेली होती आणि तिरकं बोलणं तर घरोघरी.

त्या तिरकेपणाचं राजकारण केलं शिवराम महादेव परांजप्यांनी. १८९८ मध्ये त्यांनी पुण्यात 'काळ' सुरू केला. त्याच वर्षी राजद्रोहाचं कलम अधिक कडक झालं होतं. सरकारची स्तुती करावी आणि वाचकानं ती नेमकी उलटी वाचावी, अशी त्यांची लेखणी. फाउलरचे दोन श्रोते तो कोश निघण्याच्या कितीतरी आधी पुण्यात हजर होते: एक देशी वृत्तपत्रांचं इंग्रजीत भाषांतर करून सरकारला धाडणारं खातं, दुसरा 'काळ'चा वर्गणीदार. फरक इतकाच, की इथला पहिला श्रोता बावळट नव्हता. १९०८ मध्ये परांजप्यांना राजद्रोहाबद्दल तुरुंगात घातलं गेलं आणि त्यांच्या निबंधांची पुस्तकंही सरकारनं जप्त केली. डीफोला शिक्षा झाली कारण त्याची आयरनी आधी कळली नव्हती; परांजप्यांची सरकारला पुरती कळली होती.

शाळेत पोचलेली आयरनी याहून फार लहान आहे. ती आली 'रेन अँड मार्टिन'मधून. पी. सी. रेन हे मुंबई इलाख्याच्या शिक्षणखात्यातले अधिकारी. परदेशी फौजेच्या शौर्याची 'बो जेस्ट' ही गाजलेली कादंबरीही त्यांचीच. हायस्कूलचं त्यांचं व्याकरण मुंबईच्या के. अँड जे. कूपर प्रकाशनानं १९३० च्या दशकात काढलं आणि अजून ते दुकानात मिळतं. आयरनीची त्यातली व्याख्या म्हणजे जॉन्सनचीच, थोडी लांबवलेली. खाली उदाहरणादाखल शेक्सपिअरच्या नाटकातल्या अँटनीच्या भाषणातल्या काही ओळी, जिथे तो ब्रूटस आणि मंडळींना सन्माननीय म्हणतो. त्या भाषणात ते विशेषण तो पुन्हा पुन्हा म्हणतो. पहिल्यांदा ते खरंच वाटतं, शेवटी शिवी होतं. शब्द तोच राहतो, समोरचा जमाव बदलत जातो. सुट्या ओळींत हे दिसणार कसं?

इंग्रजीच्या प्रश्नपत्रिका काढणाऱ्यांना म्हणून एक विनंती आहे. 'आयरनीचा प्रकार ओळखा' असा प्रश्न घालायचा असेल तर एक ओळ तोडून देऊ नका. उतारा किमान पानभराचा द्या. कुणी, कधी, कुणासाठी लिहिलं ते वर लिहा. आणि प्रकाराच्या नावाला एक गुण ठेवून बाकीचे 'कशावरून ओळखलंत?' या प्रश्नाला द्या.